कोणती लँग्वेज लावू? ती तुमची चूक कधी सांगते, ते आधी बघा

बारावीचा निकाल लागला की आमच्या सोसायटीत मला एक प्रश्न हमखास येतो. "तुम्ही त्या कॉम्प्युटरच्या लाइनमधले ना, मग आमच्या चिरंजीवांना कोणती लँग्वेज लावू?" सुट्टीत जर्मन लावावं की फ्रेंच, त्याच चालीवर प्रोग्रामिंगमध्ये पायथन लावावं की जावा. विचारणाऱ्या काकूंना एका शब्दात उत्तर हवं असतं, आणि असं उत्तर देणाऱ्यांची पुण्यात वानवा नाही. बँकेचं सॉफ्टवेअर लिहिणारा सांगतो, जावा. गाडीच्या ब्रेकमधल्या चिपसाठी कोड लिहिणारा सांगतो, सी. बाकी सगळे लाड. डेटा सायन्सवाल्यांच्या तोंडी पायथनशिवाय दुसरं नाव नसतं. वेबसाइटवाला जावास्क्रिप्टला शिव्या घालतो आणि दिवसभर तेच लिहितो.

यातलं कोणी खोटं बोलत नाही. आपापल्या खुर्चीवरून जे दिसतं ते सांगतात. ऐकणाऱ्याच्या पदरात मात्र काही पडत नाही, कारण या भाषांत नेमका फरक काय, हे बाजूलाच राहतं. "पायथन सोपं, सी अवघड" एवढ्यावर विषय संपतो. सोपं कोणाला? आणि कुठपर्यंत?

मला विचाराल तर सगळ्या भाषांना एकच प्रश्न टाकून बघावा: मी चुकलो, तर तू मला ते कधी सांगणार? लिहितानाच, प्रोग्राम चालू असताना, की कधीच नाही? भाषांची आवडनिवड बरीचशी या उत्तरावर ठरते, आवडणाऱ्याला ते जाणवत नसलं तरी.

थोडी पार्श्वभूमी देतो. प्रोसेसरला फक्त आकडे कळतात. अमुक आकडा म्हणजे बेरीज कर, तमुक आकडा म्हणजे मेमरीतल्या या जागेवरचं उचल. सुरुवातीला माणसं हेच आकडे, नाहीतर त्यांची आखूड नावं, हातानं लिहायची. १९५७ साली आयबीएममध्ये जॉन बॅकस यांच्या टीमनं फोरट्रान बाहेर काढलं. गणिती सूत्रं जवळपास वहीत लिहितो तशी लिहिता येऊ लागली आणि त्यांचे आकडे करायचं हमाली काम कंपायलर नावाच्या प्रोग्रामकडे गेलं. त्यानंतर दोन-तीन वर्षांत हिशेबाच्या कामासाठी कोबॉल आलं. १९७२ च्या सुमारास बेल लॅब्जमध्ये डेनिस रिची यांनी सी तयार केलं, ते युनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम लिहिता यावी म्हणून. १९९१ मध्ये पायथन आलं, आणि १९९५ या एका वर्षात जावा, जावास्क्रिप्ट, पीएचपी आणि रुबी अशी चार जणं. कोणाच्या तरी ठरावीक डोकेदुखीवर औषध म्हणून प्रत्येक भाषा जन्माला आली. म्हणूनच तुमच्या चुकांचं काय करायचं, यावरही प्रत्येकीचं मत वेगळं.

सरकारी कामाला गेलं की तीन प्रकारचे कारकून भेटतात. पहिला दारातच सगळी कागदपत्रं तपासतो. एक झेरॉक्स कमी असली तरी आत सोडत नाही. दुसरा "या, या" म्हणून आत घेतो, दोन खिडक्या पार पडतात आणि तिसऱ्या खिडकीवर कळतं की फोटोच चिकटवायचा राहिलाय. तिसरा न बघताच शिक्का मारतो, आणि पुढे कधीतरी जमीन विकायला काढल्यावर उमगतं की सातबाऱ्यावर नाव भलत्याचंच आहे. जावा, कोटलिन, रस्ट ही पहिल्या कारकुनाची जात. पायथन, रुबी दुसऱ्याची. सी दारात जुजबी चौकशी करतं, पण एकदा आत गेलात की तुमच्यामागे बघणारं कोणी नसतं. आणि जावास्क्रिप्टला तर कागद कमी असल्याचं दिसतं, तरी ते आपल्या मनानंच तो भरून टाकतं.

पाच अधिक तीन

हे प्रत्यक्ष बघू. अवतरणात टाकलेला "५", म्हणजे मजकूर म्हणून आलेला पाच, आणि साधा आकडा ३ यांची बेरीज करायची. (वाचायला बरं म्हणून इथे मराठी आकडे घातलेत, कोडमध्ये इंग्रजीच टाकायचे.) प्रश्न पुस्तकी वाटेल, पण वेबसाइटच्या फॉर्ममध्ये तुम्ही वय टाइप करता ते प्रोग्रामला मजकूर म्हणूनच पोचतं. म्हणजे हे रोजचंच.

पायथन ही बेरीज करायला नकार देतं. मजकूर आणि आकडा एकत्र मिळवता येत नाहीत, असं सांगून तिथेच थांबतं. पीएचपी म्हणतं, ८. जावास्क्रिप्ट दोन्ही मजकूर समजून शेजारी शेजारी चिकटवतं आणि म्हणतं, ५३. तिथे अधिकच्या जागी वजा टाका, उत्तर २ येतं, कारण मजकुराची वजाबाकी असं काही नसतं, मग ते त्याचा मुकाट्यानं आकडा करून घेतं. जावासुद्धा ५३ च देतं, पण हे उत्तर आकड्याच्या खोक्यात ठेवायला गेलात तर कंपायलर दारातच अडवतो.

सी मधली गंमत वेगळी. एकेरी अवतरणातला '५' म्हणजे सी साठी आस्की नावाच्या तक्त्यातला त्या चिन्हाचा क्रमांक, तो आहे ५३. त्यात ३ मिळवले की ५६. आणि ५६ हा '८' या चिन्हाचा क्रमांक! म्हणजे आडवळणानं का होईना, बरोबर उत्तर. पण दुहेरी अवतरणात "५" लिहिलंत तर सी ला ती मेमरीतली जागा वाटते, आणि ३ मिळवणं म्हणजे त्या जागेपासून तीन घरं पुढे सरकणं. तिथे तुमचा मजकूर कधीच संपलेला असतो. पुढे जे काही पडलं असेल ते वाचलं जातं.

जावास्क्रिप्टला हसणं सोपं आहे. कार्टमध्ये एक डबा होता, आणखी एक टाकला आणि अकरा झाले, हा प्रकार वेबवाल्या बहुतेक टीममध्ये एकदा तरी होऊन गेलेला असतो. पण त्यामागचं कारण बघा. नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइक यांनी १९९५ च्या मे महिन्यात दहा दिवसांत या भाषेचा पहिला आराखडा उभा केला. ती वापरणार होती हौसेनं वेबपेज बनवणारी माणसं, आणि त्यांच्या एका चुकीपायी वाचणाऱ्यासमोर कोरं पान येणं परवडणारं नव्हतं. काहीही झालं तरी पान दिसलं पाहिजे. त्या कामासाठी तो निर्णय बरोबरच होता. पुढे त्याच भाषेत लोक बँकेचे व्यवहार लिहू लागले, ही तिची चूक म्हणता येणार नाही.

निळी स्क्रीन आणि ३२,७६७

पुण्यात कॉम्प्युटर शिकलेल्या एका अख्ख्या पिढीनं पहिला प्रोग्राम लिहिला तो निळ्या स्क्रीनच्या टर्बो सी मध्ये. बोरलँड कंपनीनं १९८७ साली ते डॉससाठी काढलं. सी प्लस प्लस या सी वरच उभारलेल्या पुढच्या भाषेचं आंतरराष्ट्रीय प्रमाणीकरण १९९८ मध्ये झालं, तरी कित्येक लॅबमध्ये त्याआधीचंच सी प्लस प्लस पुढे वर्षानुवर्षं शिकवलं गेलं. ६४ बिटांच्या विंडोजवर हे १६ बिटांचं सॉफ्टवेअर चालेना, तेव्हा डॉसबॉक्स हा डॉसची नक्कल करणारा प्रोग्राम टाकून चालवलं; सोडलं मात्र नाही. जर्नलमध्ये अख्खा प्रोग्राम हातानं उतरवायचा, खाली पेन्सिलीनं आउटपुट काढायचं आणि एक्सटर्नलनं फक्त इंडेक्सवरच्या सह्या बघायच्या. या शिक्षणावर टीका करायला जागा भरपूर आहे. पण एक गोष्ट त्या निळ्या स्क्रीननं जितकी लख्ख दाखवली तितकी नंतरच्या गुळगुळीत साधनांनी दाखवली नाही.

टर्बो सी मध्ये पूर्णांक ठेवायला १६ बिट मिळतात, म्हणजे चालू-बंद होणारे सोळा खटके. त्यात मावणारा सगळ्यात मोठा आकडा ३२,७६७. त्यात एक मिळवा, उत्तर येतं उणे ३२,७६८. ना सूचना, ना लाल अक्षरं. पगाराचा प्रोग्राम लिहून तीस हजारांच्या पगारावर पाच हजारांची वाढ द्यायला गेलात, की कर्मचाऱ्याच्या खात्यावर उणे ३०,५३६ रुपये. सोळा खटक्यांपैकी सगळ्यात डावीकडचा खटका धन-ऋण सांगण्यासाठी राखलेला असतो. बेरीज मोठी झाली की तोही पडतो आणि आकडा एका झटक्यात दुसऱ्या टोकाला जातो.

हीच बेरीज पायथनमध्ये हवी तितकी मोठी करा. जागा कमी पडली तर ते स्वतःच वाढवतं, किंमत म्हणून वेग थोडा कमी. दारात एवढा कडक असलेला जावा इथे मात्र गप्प. त्याचा पूर्णांक ३२ बिटांचा, मर्यादा २,१४७,४८३,६४७; ती ओलांडली की तोही बिनबोभाट उणे होतो. रस्ट चाचणीच्या बांधणीत तिथल्या तिथे थांबून ओरडतं, पण ग्राहकाला द्यायच्या बांधणीत, तुम्ही वेगळं सांगितलं नसेल तर, वेगासाठी ही तपासणी गाळतं. म्हणजे "कडक भाषा" हा शिक्का सगळीकडे सारखा लागू पडत नाही. कुठे कडक, कुठे ढिली, हे प्रत्येकीचं वेगळं.

आणि भाषेनं चूक सांगून भागत नाही. ४ जून १९९६ रोजी युरोपचं एरियान ५ हे रॉकेट पहिल्याच उड्डाणात, सुमारे ३७ सेकंदांनी भरकटायला लागलं आणि तुटलं. त्याची दिशा सांगणारं सॉफ्टवेअर एडा या अतिशय शिस्तीच्या भाषेत होतं. ६४ बिटांतला एक दशांश आकडा १६ बिटांच्या पूर्णांकात कोंबताना तो मावला नाही. पुन्हा तेच ३२,७६७. तो कोड एरियान ४ वरून जसाच्या तसा आणलेला. त्या रॉकेटच्या मार्गात हा आकडा कधी एवढा वाढतच नसे, म्हणून प्रोसेसरवरचा भार वाचवायला या ठिकाणचं संरक्षण मुद्दाम काढलेलं होतं. एडानं इमानेइतबारे चूक कळवली. ती हाताळायला कोणालाच बसवलं नव्हतं, म्हणून मुख्य आणि राखीव दोन्ही संगणक बंद पडले.

मेमरी कोणी आवरायची

सी आवडणारे आणि न आवडणारे यांच्यातलं खरं भांडण मेमरीवरून आहे. सी मध्ये मेमरी तुम्ही मागून घ्यायची आणि काम झालं की तुम्हीच परत करायची. परत करायला विसरलात तर प्रोग्राम फुगत जातो. परत केलेल्या जागेवर पुन्हा लिहिलंत तर दुसऱ्याच कोणाची माहिती बिघडते. आणि सांगितल्यापेक्षा पुढचं वाचलंत तर २०१४ सालचं हार्टब्लीड होतं. ओपनएसएसएल या जगभर वापरल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरला पलीकडून छोटासा निरोप यायचा, सोबत दावा की निरोप ६४ किलोबाइटांचा आहे, तेवढाच परत पाठव. सॉफ्टवेअर लांबी न तपासता शेजारची मेमरीसुद्धा पाठवून द्यायचं. त्यात पासवर्डही असू शकत होते. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या सुरक्षा विभागानं सांगितलं होतं की त्यांना दरवर्षी दुरुस्त कराव्या लागणाऱ्या सुरक्षा त्रुटींपैकी सुमारे ७० टक्के याच जातकुळीतल्या असतात.

यावर जुना उपाय म्हणजे गार्बेज कलेक्टर: वापरून झालेली मेमरी भाषेनंच गोळा करायची. जॉन मकार्थी यांनी लिस्प या भाषेसाठी ही कल्पना १९५९ च्या आसपास काढली. जावा, पायथन, गो, जावास्क्रिप्ट आज तिच्याच जिवावर आहेत. पण झाडू मारायला मधूनच काही क्षण थांबावं लागतं. मोबाइल ॲपमध्ये ते खपून जातं. ब्रेक दाबलेला असताना नाही.

म्हणून हिंजवडी-चाकणकडे गाड्यांचं सॉफ्टवेअर लिहिणारी मंडळी सी ला धरून आहेत, पण मोकाट सी ला नव्हे. ब्रिटनच्या मोटार उद्योगानं १९९८ मध्ये मिस्रा सी नावाची नियमावली काढली. तिच्यात चालू प्रोग्राममध्ये मेमरी मागायलाच बंदी, फंक्शननं स्वतःला हाक मारायला बंदी, आणि अशा अनेक बंद्या. भाषा चूक सांगत नाही, तर चूक होऊ शकेल असा भाषेचा भागच वापरायचा नाही. कॉलेजात सी शिकून गेलेल्या मुलाला नोकरीच्या पहिल्या आठवड्यात कळतं की आपल्याला येत असलेल्यातलं निम्मं इथे निषिद्ध आहे.

रस्टनं तिसरी वाट काढली. मेमरीच्या प्रत्येक तुकड्याला एका वेळी एकच मालक. दुसऱ्याला उसना द्यायचा तर किती वेळ आणि कोणत्या अटीवर, हे कंपायलर दारातच विचारतो. झाडूवाला नाही, थांबणं नाही, आणि परत केलेली जागा चुकून वापरणंही जवळपास अशक्य. याची पहिली स्थिर आवृत्ती २०१५ ची. २०२२ च्या डिसेंबरात लिनक्सच्या गाभ्यातही रस्टला जागा मिळाली. शिकताना मात्र घाम निघतो. सी मध्ये पाच मिनिटांत चालू झालेला प्रोग्राम इथे संध्याकाळ खातो. काहींना हा कारकून देव वाटतो, काहींना छळवादी. दोघांचंही मला पटतं.

पुणे: दोन, चार की बारा?

आता आपल्या घरचा प्रयोग. "पुणे" या शब्दाची लांबी किती? आपण म्हणणार, दोन अक्षरं. पायथन म्हणतं, चार. गो म्हणतं, बारा. सी सुद्धा बारा. ॲपलची स्विफ्ट मात्र म्हणते, दोन.

सगळे बरोबर आहेत. मोजायची वस्तू वेगवेगळी आहे. युनिकोडमध्ये, म्हणजे जगभरच्या लिप्यांना क्रमांक देणाऱ्या मानकात, प, उकार, ण आणि मात्रा यांना स्वतंत्र क्रमांक आहेत. पायथन ते क्रमांक मोजतं, म्हणून चार. साठवताना यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचा प्रत्येक क्रमांक तीन बाइट खातो. चार त्रिक बारा, आणि गो व सी बाइट मोजतात. स्विफ्ट वाचणाऱ्याच्या डोळ्याला जे एक वाटतं ते एक धरते.

हे न कळणाऱ्यानं केलेला फॉर्म आपण सगळ्यांनी भरलेला आहे. समजा, नावासाठी जागा वीस ठेवली आणि खाली मोजणी बाइटांची आहे. "ज्ञानेश्वर" हे नाव डोळ्याला चार अक्षरांचं, पण त्यात क्रमांक दहा, बाइट तीस. विसाव्या बाइटवर कात्री लागली की पडद्यावर "ज्ञाने" आणि पुढे एक चौकटीतलं प्रश्नचिन्ह. इंग्रजीत चाचणी करणाऱ्याला ही चूक कधी दिसतच नाही, आणि त्याची भाषाही त्याला ती सांगत नाही. पायथनमध्ये "पुणे" उलटा करून बघा, "ेणुप" असं काहीतरी हाती येतं, मात्रा अधांतरी.

पायथनची जुनी, दुसरी आवृत्तीही साध्या मजकुराला बाराच म्हणायची. २००८ मध्ये आलेल्या तिसऱ्या आवृत्तीत हे सुधारलं, पण त्यापायी जुना कोड चालेनासा झाला. लोकांची नाराजी एवढी की दुसऱ्या आवृत्तीला निरोप द्यायला १ जानेवारी २०२० उजाडलं.

आणखी एक गंमत. अवतरणात मराठी "५०००" लिहून पायथनला याचा पूर्णांक कर म्हणा, ते बिनतक्रार पाच हजार देतं. जावासुद्धा देतं. जावास्क्रिप्ट म्हणतं, हा आकडाच नाही. कोडमधल्या खोक्याला "पगार" असं मराठी नाव या तिघांतही देता येतं. गो मध्ये "घर" चालतं, "पगार" चालत नाही! कारण नावात काना, मात्रा, वेलांटी यांना तिथे परवानगी नाही. गो च्या निर्मात्यांपैकी केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनीच १९९२ साली यूटीएफ-८ ची आखणी केली होती, म्हणून हे जरा जास्तच खटकतं.

हळू पायथन, वेगवान पायथन

"पायथन हळू आहे" हे खरं आहे. साधं लूप, म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा करणारा तुकडा, फिरवायला ते सी पेक्षा कित्येक पट वेळ घेतं, कारण प्रत्येक पायरीवर ही वस्तू कोणत्या जातीची, हे ते नव्यानं विचारतं. मग एवढं अवाढव्य गणित लागणाऱ्या एआयवाल्यांनी तेच का उचललं? त्यांचं गणित पायथन करतच नाही. नमपायसारख्या लायब्ररीच्या, म्हणजे तयार कोडच्या संग्रहाच्या, खाली सी असतं, आणि आणखी खाली फोरट्रानच्या काळापासून घासूनपुसून घेतलेले मॅट्रिक्सचे हिशेब. पायथन फक्त हुकूम सोडतं.

फोरट्रान मेलं असं ज्यांना वाटतं त्यांनी पाषाणची आयआयटीएम ही हवामानशास्त्राची संस्था आठवावी. तिथे मान्सूनचा अंदाज काढणारी हवामानाची मॉडेलं मुख्यतः फोरट्रानमध्ये आहेत. २०१८ मध्ये तिथे प्रत्यूष हा महासंगणक आला, २०२४ मध्ये अर्का. त्याची क्षमता ११.७७ पेटाफ्लॉप, म्हणजे सेकंदाला सुमारे ११,७७० लाख कोटी गणितं. एवढ्या ताज्या यंत्रावर १९५७ च्या वंशातली भाषा. आकड्यांच्या मोठाल्या तक्त्यांवर काम करायला ती मुळातच बांधलेली आहे, आणि इतक्या वर्षांचा तपासलेला कोड केवळ फॅशनपायी पुन्हा लिहायचा म्हणजे नव्या चुका विकत घ्यायच्या. नकाशे आणि आलेख काढायला तिथलीच माणसं पायथन वापरतात. भांडण कोणाचंच नाही.

भोसरी एमआयडीसीतल्या इलेक्ट्रिशियनला विचारलंत, तुला कोणती लँग्वेज येते, तर तो नाही म्हणेल. पण पीएलसीवर, म्हणजे कारखान्यातली मशीन चालवणाऱ्या छोट्या संगणकावर, तो जे काढतो ती लॅडर ही रीतसर प्रोग्रामिंगची भाषा आहे. मानकं ठरवणाऱ्या आयईसी या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या ६११३१-३ या मानकात तिचं नाव आहे. दोन उभ्या रेषा, मधे आडव्या पायऱ्या, प्रत्येक पायरीवर स्विच आणि टोकाला मोटर किंवा दिवा. मशीन वरपासून खालपर्यंत या पायऱ्या वाचतं आणि काही मिलिसेकंदांत पुन्हा पहिलीपासून सुरू करतं. इमर्जन्सी स्टॉपचं लाल बटण तिथे नेहमी "चालू" स्थितीत जोडलेलं असतं, दाबलं की सर्किट तुटतं. त्यामुळे कोणी बटण दाबो की उंदरानं वायर कुरतडो, मशीन थांबतंच. चूक झाली तर ती सुरक्षित बाजूला पडावी, हा विचार हिंजवडीतल्या कित्येक चकचकीत ॲपमध्ये मला दिसत नाही.

एसक्यूएल बिचारं कोणाच्याच आवडत्या यादीत नसतं. १९७४ मध्ये आयबीएमच्या डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी ते मांडलं, आणि आजही बँक असो, रुग्णालय असो की किराणा ॲप, माहिती बहुधा त्याच्यातूनच निघते. त्यात "कसं कर" असं सांगायचं नसतं. कोथरूडचे, यंदा एकही ऑर्डर न दिलेले ग्राहक हवेत, एवढंच सांगायचं. शोधायचं कसं ते डेटाबेस ठरवतो. चूक मात्र ते फार शांतपणे करू देतं. दुरुस्तीच्या किंवा पुसण्याच्या आज्ञेत "कुठल्या ओळी" ही अट राहिली की सगळ्याच ओळी, आणि वर "काम झालं" असा निरोप.

मग माणसांच्या आवडी ठरतात कशा? बहुधा पहिली भाषा आणि पहिला चटका यांवरून. रात्री दोनला फोन येऊन ज्याला मजकूर-आकड्याची गल्लत शोधावी लागली तो आयुष्यभर टाइपांचा, म्हणजे कोणत्या खोक्यात मजकूर आणि कोणत्यात आकडा हे आधीच ठरवून देण्याचा, भक्त होतो. जावाच्या चाळीस ओळी लिहिल्यावर पडद्यावर एक शब्द उमटलेला ज्यानं पाहिला तो पायथनला जन्माचा जोडला जातो. गंमत अशी की भाषाच हळूहळू एकमेकींकडे सरकताहेत. २०१२ मध्ये मायक्रोसॉफ्टनं टाइपस्क्रिप्ट आणून जावास्क्रिप्टला दारातला कारकून दिला. पायथननं २०१५ मध्ये टाइप लिहायची ऐच्छिक सोय केली. तिकडे जावानं २०१८ मध्ये "प्रत्येक वेळी टाइप लिहायची गरज नाही, मी ओळखतो" अशी ढील दिली. माझं म्हणाल तर सोसायटीच्या मेंटेनन्सचा तक्ता जुळवायला पायथन. चौघांनी मिळून लिहायचं आणि पाच वर्षं चालवायचं काम असेल तर टाइपवालीच भाषा. एआय कोड लिहून देऊ लागल्यापासून हे मत आणखी पक्कं झालंय. आपण स्वतः न लिहिलेला कोड वाचायचा असेल तर दारात कोणीतरी बसलेलं बरं.

बारावीनंतरच्या मुलाला सुरुवात पायथननं करू द्यावी, कारण चूक झाल्याचा निरोप त्यात माणसाला कळेल अशा भाषेत येतो. सोबत थोडं एसक्यूएल. सहा-आठ महिन्यांनी सी, मेमरी आतून कशी असते ते एकदा हातानं चाचपायला. पाच लँग्वेज तीन महिन्यांत शिकवणाऱ्या क्लासच्या पाट्या डेक्कनला भरपूर दिसतील. तिथे पैसे भरण्याआधी "५" अधिक ३ विचारून बघा. सी साठी टर्बो सी नको. जीसीसी हा सी चा कंपायलर फुकट मिळतो. त्यात सगळ्या वॉर्निंग चालू ठेवायच्या आणि शिकत असेपर्यंत ॲड्रेस सॅनिटायझर ही मेमरीच्या चुका पकडणारी सोय लावूनच प्रोग्राम चालवायचा. प्रोग्राम थोडा हळू चालेल, पण हद्दीबाहेरचं वाचायला गेलात की कितव्या ओळीवर गेलात तेही सी तुम्हाला सांगेल.